परराज्यातील सिस्टर आणि नोंदणीचा अडसर

अंधेरी, मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीला सलाईन लावणारी सिस्टर पुष्कळदा केरळची निघते. तिचे मराठी ऐकून आपल्याला गंमत वाटते. पण कामावर रुजू होण्यापूर्वी तिला काय सोसावे लागते, याची कल्पना थोड्यांनाच असते.

परिचारिकांची नोंदणी राज्यवार होते. केरळच्या परिषदेत नाव असले, तरी येथे महाराष्ट्र परिचर्या परिषदेत ते पुन्हा घालावे लागते. त्यासाठी मूळ परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र, पडताळणी आणि शुल्क. कागद फिरत राहतात, खोलीचे भाडे मात्र थांबत नाही. मग ‘शिकाऊ’ म्हणून कमी पगारात राबवून घेणारे भेटतात. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारेही.

२०२० साली कोरोनाच्या तडाख्यात महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर व १०० परिचारिका मागितल्या. तेथील पथक अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात कामालाही लागले. तेव्हा राज्याची सीमा आड आली नाही, मग एरवी का यावी? राष्ट्रीय नोंदवहीत परिचारिकेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तोच सर्व राज्यांनी पुरेसा मानावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्यातील मुलीही नर्सिंग करून परराज्यात जातात. त्यांच्या पालकांनी एवढे पाहावे : ना-हरकतीचा अर्ज नोकरी ठरताच करावा. बाँडची मुदत व रक्कम वाचल्याशिवाय सही करू नये. मूळ प्रमाणपत्र दाखवावे, पण ताब्यात द्यावी ती फक्त साक्षांकित प्रत.