दर जोडप्यामागे एक सॅक

मंडळाच्या जूनमधल्या ट्रेकच्या सूचनापत्रात दरवर्षी एक ओळ असते: 'दर जोडप्यामागे एक सॅक पुरे.' डेलावेअर वॉटर गॅपहून सनफिश पॉन्डपर्यंत चढायचं, तळ्याकाठी पराठे-लोणचं खायचं आणि उतरायचं. जाऊन-येऊन साडेसात-आठ मैल. एवढ्यासाठी दोन-दोन सॅक कशाला वागवायच्या, असा समितीचा साधा हिशेब. माझा या ओळीला विरोध आहे. गेल्या सभेत तसं बोलले तर सगळे हसले. कुणीतरी विचारलंही, "वहिनी, भांडण झालंय का?" झालं होतं. पण त्याला आता सहा वर्षं झाली.

सनफिश पॉन्डला जाताना झाडांवर 2 इंच रुंद आणि 6 इंच उंच असे पांढरे पट्टे दिसतात. ते अ‍ॅपलेशियन ट्रेलचे. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाहडिनपर्यंत 14 राज्यांतून ही वाट जाते, लांबी 2190 मैलांच्या वर. आपल्या न्यू जर्सीच्या वाट्याला त्यातले 72 आलेत. पुरी वाट सलग चालायची तर पाच ते सात महिने लागतात. माझं नि नवऱ्याचं वय आणि गुडघे पाहता ते जमण्यातलं नव्हतं, म्हणून आम्ही दरवर्षी एक तुकडा घेतो, दोन आठवड्यांचा, कधी पाच. आजवर जेमतेम 900 मैल झालेत.

'दोघंच डोंगरात, काय मजा असेल!' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तिथला एक दिवस सांगते. पहाटे साडेपाचला जाग येते ती तंबूच्या छतावरून नाकावर पडणाऱ्या थेंबाने. आपल्याच श्वासाची वाफ रात्रभर तिथे साठलेली असते. मग स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबणे, चटई गुंडाळणे, ओला तंबू झटकून घडी घालणे, यात पाऊण तास जातो. अस्वलाच्या भीतीने झाडावर उंच टांगलेली जेवणाची पिशवी खाली घ्यायची. (न्यू जर्सीत या कामासाठी लोखंडी पेट्या ठेवल्यात, त्याबद्दल राज्याला दुवा.) नाश्त्याला जाडे पोहे; घरीच तिखट-मीठ-दाणे घालून पाकिटं केलेली असतात, वरून कढत पाणी ओतलं की झालं. दुपारी टॉर्टिया आणि दाण्याची चटणी. रात्री डिहायड्रेटरमध्ये सुकवून आणलेली आमटी आणि झटपट भात, नाहीतर मेतकूट-भात. मधल्या वेळात 12-14 मैल चाल. चार वाजता कुठे सपाट दगड मिळाला की दुधाची पावडर आणि सुंठ घालून चहा. दर चार-पाच दिवसांनी रस्ता आडवा आला की गावात जाऊन सामान भरायचं, आंघोळ करायची, कपडे धुवायचे. रात्री नऊला सगळे आडवे. या वाटेवर नऊ म्हणजे मध्यरात्र. यात मजा नाही असं मी म्हणत नाही, पण दिवसाचा मोठा भाग स्वयंपाक, पाणी, अंथरूण-पांघरूण आणि आवराआवर यांतच जातो. घरी जे करतो तेच, फक्त उभ्याने आणि ओल्या मोज्यांनी.

आपल्याकडे हे सांगितलं की हमखास कुणी म्हणतं, "म्हणजे वारीच की!" मला हे पटत नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशेएक किलोमीटर लोक पायी जातात, पण दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढे गेलेला असतो, मुक्कामी राहुट्या लागलेल्या असतात, पंगत कुणी ना कुणी घातलेली असते. नवरा-बायको एकाच दिंडीत असले तरी एकमेकांवर अडून नसतात, शेकडो माणसांवर मिळून विसंबलेले असतात. ट्रेलवर क्वचित कुणी भला माणूस रस्त्याच्या कडेला थंड सोडा आणि केळी घेऊन बसलेला भेटतो, तेवढ्यापुरतं अन्नदान. बाकी दोघांपाशी दोघंच. म्हणून कुणाच्या पाठीवर काय आहे हा प्रश्न तिथे फार मोठा होतो.

आमचं पहिल्या वर्षी ठरलेलं होतं. तंबूचं कापड, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर आणि नकाशा त्याच्याकडे. तंबूच्या काठ्या, खुंट्या आणि सगळं जेवण माझ्याकडे. वजन बरोबर निम्मं-निम्मं. आम्हाला त्याचा अभिमानही होता.

ऑगस्टात पेनसिल्व्हेनियातल्या एका दगडी डोंगरसोंडेवर होतो. ते दगड ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको: पाऊल सपाट पडतच नाही, आणि वर पाण्याचा पत्ता नाही. तो पुढे होता. झऱ्याकडे निळ्या पट्ट्यांची फाटवाट उतरत होती, तिने तो पाणी भरायला खाली गेला. मी पायाखालचे दगड बघत पांढऱ्या पट्ट्यांनी सरळ पुढे निघून गेले. तो वर आला आणि मी मागून येतेय असं समजून फाट्यावर थांबला. तो पुढे आहे असं समजून मी पाय उचलले. तेवढ्यात गडगडून पाऊस आला. फोनला रेंज नव्हती.

चार मैलांवरच्या शेल्टरला मी पोचले तेव्हा माझ्याकडे दोघांचं चार दिवसांचं जेवण होतं आणि अर्धी बाटली पाणी. शेल्टर म्हणजे तीन भिंती आणि छप्पर. आत एक पंचविशीची मुलगी ओले मोजे पिळत बसली होती. मी डबक्याकडे आणि बाटलीकडे आळीपाळीने बघतेय हे पाहून तिने विचारलं, "तुमचा फिल्टर कुठाय?" म्हटलं, "नवऱ्याकडे." "आणि ते कुठायत?" मला उत्तर देता आलं नाही. तिने दोन लिटर पाणी गाळून दिलं, टोमणा मारला नाही, आणि तेच जास्त लागलं. तिकडे तो अंधार पडेपर्यंत मला शोधत मैलभर मागे गेला होता. मग दोन झाडांना दोरी बांधून तिच्यावर तंबूचं कापड टाकून झोपला. झोपला म्हणजे बसून राहिला. पाणी होतं, स्टोव्ह होता, शिजवायला काही नव्हतं. खिशात चिक्कीचे दोन तुकडे. सकाळी मी उलट निघाले आणि नऊच्या सुमारास समोरून येताना दिसला. पहिलं वाक्य: "खायला काय आहे?"

पोहे खाऊन झाल्यावर भांडण झालं. दोघांचं म्हणणं एकच होतं: 'तू थांबायला हवं होतंस.' दुपारपर्यंत आम्ही तेवढंच निरनिराळ्या शब्दांत म्हणत होतो. मग केव्हातरी माझ्या लक्षात आलं की चूक थांबण्या-न थांबण्याची नव्हतीच. आम्ही सामानाचं वजन वाटलं होतं, पण असं वाटलं होतं की दोघांपैकी कुणालाच एक रात्रही एकट्याने धड काढता येऊ नये.

आणि हे आम्ही डोंगरात नव्याने शिकलो होतो थोडंच? मी 1993 मध्ये एच-फोर व्हिसावर आले. नोकरीची परवानगी नव्हती. कागदावर माझं नावच 'डिपेन्डन्ट'. पुढे ग्रीन कार्ड आलं, मी शाळेच्या ग्रंथालयात वीस वर्षं काम केलं, पण घरातली वाटणी होती तशीच राहिली. टॅक्स, विमा, पासवर्ड, भट्टीचा फिल्टर त्याच्याकडे. स्वयंपाक, औषधं, भारतातले फोन आणि सगळ्यांचे वाढदिवस माझ्याकडे. आपल्या मंडळातल्या एका मैत्रिणीचे यजमान अचानक गेले, तेव्हा तिला खाती कुठल्या बँकांत आहेत हे शोधायला चार महिने लागले. उलट बाजूही पाहिली आहे. बायको हॉस्पिटलात असताना एका गृहस्थांनी तीन आठवडे दूध-सीरियलवर काढले, घरात तांदळाचा डबा भरलेला असताना. आपण याला सुखी संसार म्हणतो. माझ्या मते ही काठ्या एकीकडे आणि कापड दुसरीकडे अशी वाटणी आहे. पाऊस येईपर्यंत कळत नाही, एवढंच.

अनुभवी चालणारे म्हणतील, जोडप्याने जाण्याचा फायदाच वजन वाचण्यात आहे. मान्य. दोन तंबू, दोन स्टोव्ह घ्या असं मी म्हणत नाही. तंबू आमचा आजही एकच आहे, पण तो अख्खा एकाच्या पाठीवर असतो. दुसऱ्याकडे अंगाभोवती गुंडाळून रात्र काढता येईल अशी चकाकती पातळ पिशवी, 4 औंसांची. दुसरा फिल्टर 3 औंस. वेगळा नकाशा, लायटर, शिट्टी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मिळून पाऊण पाउंडही भरलं नाही. जेवण निम्मं-निम्मं. प्रत्येक फाट्यावर, झऱ्यावर आणि रस्त्यावर पुढच्याने थांबायचं. आणि गावात सामान भरलं की कामं बदलायची: तंबूवाल्याने स्टोव्ह घ्यायचा. याने पहिल्यांदा भात केला तेव्हा तो चमच्याने नव्हे, चाकूने वाढावा लागला. मी लावलेला तंबू त्याच आठवड्यात मध्यरात्री आमच्यावर बसला.

"मग एकत्र जायचंच कशाला?" हा प्रश्न मला एका जुन्या मित्राने तावातावाने विचारला. या वाटेवर 1955 मध्ये एमा गेटवुड नावाची 67 वर्षांची बाई एकटी चालली. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून ती आधीच सुटली होती. माझ्यावर तशी वेळ नाही, आणि मला एकटीने जायचंही नाही. पण हल्ली चढावर तो दिसेनासा झाला की पूर्वीसारखी धाप लागेतो मी धावत नाही. माझ्या चालीने जाते, बाटली भरते, चार वाजता एखाद्या दगडावर तो चहा करून बसलेला सापडतो. कधी मी आधी पोचते. तेव्हा चहा मी केलेला असतो.

तर समितीने ती ओळ खोडावी आणि 'दर माणशी एक सॅक, त्यात स्वतःचं पाणी, डबा, रेनकोट आणि नकाशा' असं छापावं. नकाशाच्या प्रती मी काढून आणते. किती लागतील ते मेअखेर कळवा. जोडपी किती येणार ते नको, माणसं किती ते कळवा.