पडद्यावरची गिटार, पडद्यामागची बोटं

सिडकोतल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा बारावीला आहे. दोन वर्षं गिटार शिकतोय आणि आता म्हणतो, "मी म्युझिशियन होणार." वडील म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर, मग काय वाजवायचं ते वाजव. आजी म्हणते, गाणाऱ्याचं नाव होतं, वाजवणाऱ्याला कोण विचारतो? पत्राच्या शेवटी ताईंनी एकच प्रश्न टाकलाय : "गिटार वाजवून संसार चालतो का, एवढं सांगा."

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. आईनं नाही विचारायचा तर कुणी विचारायचा? पण नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणार नाही. आधी एका वादकाची हकिगत ऐका.

१९८० साली आलेला 'कर्ज' तुम्ही पाहिला असेलच. ऋषी कपूर गिटार घेऊन उभा राहतो, एक धून छेडतो आणि त्याला मागचा जन्म आठवू लागतो. पुढे 'एक हसीना थी' या गाण्यात तीच धून वाजते नि सिमी गरेवालच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. म्हणजे सगळं कथानक गिटारच्या चार सुरांवर उभं आहे म्हणा ना! गाणं किशोरकुमार आणि आशाबाईंचं, शब्द आनंद बक्षींचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालांचं. त्या वर्षीचं संगीताचं फिल्मफेअर पारितोषिकही या जोडीला मिळालं. धुनेचं मूळ जॉर्ज बेन्सन या अमेरिकन गिटारवादकाकडे सापडतं, असं जाणकार सांगतात. ते असो. आपल्या तबकडीवर ती गिटार वाजवली कुणी? गोरख शर्मांनी. हे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय?

गोरखजी म्हणजे प्यारेलालजींचे धाकटे भाऊ. वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रंपेट वाजवायचे आणि मुंबईत कित्येक मुलांना नोटेशन, म्हणजे लिहिलेले सूर वाचायला, शिकवायचे. घरातल्या मुलांचीही त्यातून सुटका नव्हती. गोरखजी आधी मँडोलिन शिकले, मग गिटार, आणि पुढे बेस गिटारही. आपल्या चित्रपट संगीतात बेस गिटार आणणाऱ्या पहिल्या काही वादकांत त्यांचं नाव घेतात. सुमारे चार दशकं ते मुंबईच्या स्टुडिओंतून वाजवत राहिले. २०१८ च्या जानेवारीत ते गेले. तेव्हाच्या बातम्यांतही ओळख अशीच करून द्यावी लागली, की 'कर्ज'मधली ती गिटार ज्यांची, ते हे.

अशा वादकांचं काम चालायचं कसं? सकाळी ठरलेल्या वेळी स्टुडिओत हजर व्हायचं, मग ते वांद्र्याचं मेहबूब असो की ताडदेवचं फिल्म सेंटर. काय वाजवायचं ते आदल्या रात्री ठाऊक नसायचं. संयोजक कागद हातात द्यायचा, तो वाचून तासा-दोन तासांत ते सूर बोटांत बसवायचे. व्हायोलिनवाले, तबला-ढोलकवाले, गिटारवाले आणि गाणारा, सगळ्यांचं ध्वनिमुद्रण एकदमच. पन्नासजण बरोबर वाजवताहेत आणि एकाचं बोट चुकलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून! म्हणून ज्याचा हात विसाव्या टेकलाही पहिल्यासारखाच पडतो, त्यालाच पुन्हा बोलावणं यायचं.

पैसे त्या त्या रेकॉर्डिंगचे मिळायचे. वादकांची संघटना होती, प्रतवारी होती, दर ठरलेले होते. कामात असलेल्या वादकाला एका दिवसात दोन-दोन स्टुडिओ गाठावे लागत. त्यावर घरं चालली, मुलांची शिक्षणं झाली. मात्र पैसे एकदाच. पुढे ते गाणं घरोघरी चाळीस वर्षं वाजो, वादकाच्या हाती आणखी काही येत नसे. तबकडीच्या वेष्टनावर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं, आणि रेडिओवर निवेदकही तीच सांगायचा. तेव्हा आजीबाईंचं म्हणणं काही खोटं नाही.

भूपिंदर सिंग तर तुम्हाला माहीत आहेत. 'दिल ढूँढता है', 'नाम गुम जाएगा' हा आवाज कोण विसरेल! पण 'दम मारो दम'ची (१९७१) आणि 'चुरा लिया है तुमने'ची (१९७३) गिटारही त्यांचीच, हे सांगितलं की भलेभले चकित होतात. गळ्यानं नाव दिलं. हातांचं काम निम्म्या लोकांना त्यांच्या निधनानंतर, २०२२ साली, वर्तमानपत्रांत वाचून कळलं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला कॅरोल के नावाच्या बाई साठीच्या दशकात अशाच स्टुडिओतून गिटार आणि बेस गिटार वाजवायच्या. पदरी मुलं, शिवाय आईचीही जबाबदारी. खोलीभर पुरुष वादकांत बहुतेक वेळा त्या एकट्याच बाई. 'बीच बॉईज'सारख्या गाजलेल्या रॉक मंडळींच्या तबकड्यांवर त्यांची बोटं आहेत, पण वेष्टनावर नाव नसे. २०२५ साली तिथल्या रॉक संगीताच्या मोठ्या संस्थेनं त्यांना सन्मान जाहीर केला, तेव्हा नव्वदीच्या या बाईंनी समारंभाला जायचं नाकारलं. स्टुडिओतले वादक जे काम करत त्याचं खरं चित्र त्यात दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तरी ते पटलं.

आता तुमच्या मुलाकडे वळू. गोरखजींच्या वेळचं ते जग आता उरलेलं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. सिंथेसायझर आले, संगणक आले, आणि नव्वदीनंतर पन्नास वादकांचे ताफे हळूहळू मोडले. हल्ली एकेक वादक वेगवेगळ्या दिवशी येऊन, कधी आपल्या घरी बसूनच, आपापला तुकडा वाजवून देतो. बोलावणीही पूर्वीइतकी नाहीत. नुसत्या रेकॉर्डिंगच्या भरवशावर घर चालवणं आज फार थोड्यांना जमतं. बाकीचे शिकवण्या, कार्यक्रम आणि रेकॉर्डिंग यांची सांगड घालतात.

दुसऱ्या बाजूनं काही गोष्टी सुधारल्यासुद्धा आहेत. ए. आर. रहमान यांनी नव्वदीतच कॅसेटच्या कागदावर वादकांची नावं छापायला सुरुवात केली. २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, त्यात कलावंताला त्याच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूद झाली. पदरात किती पडतं हा प्रश्न वेगळा, पण मागायला आधार तर झाला.

तेव्हा ताई, माझा सल्ला असा. डिप्लोमा की डिग्री, जे ठरेल ते त्याला पुरं करू द्या. पण गिटार कपाटावर टाकायला लावू नका. त्याच्या सरांना विचारा, नोटेशन शिकवता का? नुसतं व्हिडिओ बघून गाणी उचलणारी मुलं गल्लोगल्ली आहेत, कागद समोर ठेवल्यावर वाचून वाजवणारी थोडी. गणपतीतल्या नाहीतर एकनाथ रंगमंदिरातल्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत त्याला गायकामागे साथीला बसू द्या. दुसऱ्याचं गाणं सांभाळून वाजवायला तो तिथेच शिकेल. वेळेवर पोचायची सवय मात्र तुम्हीच लावायची, ती कुठल्या क्लासात मिळत नाही. आणि कधी पैशांचं काम आलंच, तर रक्कम किती आणि नाव कुठे येणार हे आधी लिहून घ्यावं. ओळखीचं असलं तरी लिहूनच. पुढची तीन-चार वर्षं शिक्षण आणि गिटार दोन्ही चालू ठेवू दे. तेवढ्या काळात लोक त्याला पुन्हा पुन्हा बोलावू लागले, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरबसल्या मिळेल. नाही बोलावलं, तरी हातात शिक्षण असेल आणि संध्याकाळी वाजवायला गिटार असेल. त्यातही वाईट काय आहे?

आणि हो, आजींना एकदा 'एक हसीना थी' लावून द्या. गाणारा गायला लागायच्या आधी कोण वाजवतंय, त्याचं नाव नातवानं सांगावं.