माळ्यावरचा डबा : विकावा, जपावा की उघडावा?



बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम जोरात चालू आहे. घर रिकामे करताना माळ्यावरून हमखास एक पत्र्याचा डबा खाली येतो. त्यात आईची बाहुली, बाबांची चावीची मोटार, भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्ट निघतात. मग वाद सुरू होतो. आजी म्हणते, ‘टाकू नका.’ बाबा म्हणतात, ‘नव्या घरात ठेवायचे कुठे?’ आणि दादा मोबाइलवर पाहून सांगतो, ‘अशा मोटारीला लोक भरपूर पैसे देतात!’

खरोखर देतात का? जुने म्हणजे मोलाचे, ही समजूत बरोबर नाही. वस्तू थोडी उरलेली हवी, सुस्थितीत हवी आणि तिची आठवण असणारी माणसे घेण्यास तयार हवीत. गंमत अशी, की सर्वांत जास्त किंमत मूळ खोक्यासह असलेल्या, कधीच न खेळलेल्या खेळण्याला येते. म्हणजे ज्याने मनसोक्त खेळून घेतले, त्याच्या खेळण्याला बाजारात मोल कमी!

मग खेळणी न हाताळता जपावीत काय? माझाच अनुभव सांगतो. सेलवर चालणारी माझी आगगाडी मी वीस वर्षे कागदात गुंडाळून ठेवली होती. अंधेरीचे घर सोडताना डबा उघडला, तर गाडीच्या पोटात पांढरट-हिरवा थर साचलेला आणि तारा तुटलेल्या. चूक माझीच होती; सेल आतच राहिले होते. साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते आणि तेच विद्युत्निर्मितीत खर्ची पडते. ते झिजले, की आतील क्षार बाहेर पाझरतात आणि तांब्या-पितळेच्या पट्ट्या खाऊन टाकतात.

काळ कोणत्याच खेळण्याला सोडत नाही. लोखंडाला गंज चढण्यास प्राणवायू आणि पाणी लागते. आपल्या उपनगरांच्या दमट, खाऱ्या हवेत दोन्हींचा तुटवडा नाही. पी.व्ही.सी.ची बाहुली मऊ राहावी म्हणून तिच्यात मिसळलेले तेलकट द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते. म्हणून जुनी बाहुली चिकट लागते. पांढरे प्लॅस्टिक सूर्यप्रकाशाने पिवळे पडते. ओतीव जस्ताच्या काही जुन्या मोटारी तर आपोआप तडकून भुगा होतात, कारण त्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहून गेलेली असते. बंद डबा म्हणजे तिजोरी नव्हे. तेथेही रसायनशास्त्र चालूच असते.

म्हणून माझे मत असे, की डबा आधी उघडावा. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पेटंट घेतलेला, पुढे ‘मेकॅनो’ नावाने प्रसिद्ध झालेला संच जोडण्यासाठी आणि सोडवण्यासाठीच होता. पुण्याच्या ‘आयुका’तील विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवून हेच दाखवले, की खेळण्याचे खरे मोल त्याच्या किमतीत नसून ते कसे चालते हे कळण्यात आहे. चावीच्या मोटारीतील स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि दंतचक्रे ती चाकांपर्यंत पोचवतात, हे मोटार खोलून पाहणाऱ्याला पुस्तकाआधीच समजते.

मात्र एक धोका ध्यानात ठेवा. जुन्या रंगांत शिसे असू शकते. आपल्या देशात खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२१ पासून. त्यापूर्वीची खेळणी त्या कसोटीतून गेलेली असतीलच असे नाही. म्हणून रंग उडालेले जुने खेळणे तोंडात घालणाऱ्या धाकट्या भावंडाला देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

विकणे वाईट नाही. एखादी वस्तू खरोखर दुर्मिळ असेल, तर ती जपणाऱ्याच्या हाती जाणे चांगलेच. पण त्यापूर्वी आई-बाबांना शेजारी बसवा. कोणी आणले, कधी मोडले, कशाने दुरुस्त केले, हे वहीत लिहून घ्या. सेल काढा, गंज पुसा, चावी फिरवून पाहा. वीस वर्षे थांबलेली मोटार जर फरशीवर चार हात धावली, तर तिची किंमत काय लावायची, हे तुम्हीच ठरवा.