रंधा कुणाच्या मुलाच्या हाती?

फराळाचे ताट पुढ्यात असताना भांडण काढू नये, असा शिष्टाचार आहे. तो मोडतो आहे, क्षमा असावी. पण घरोघरी मुले किल्ल्याची माती कालवीत आणि कंदिलाच्या कामट्या तासत बसली आहेत; हातांच्या शिक्षणाविषयी बोलायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

गावात एक सामाईक कार्यशाळा असावी, मुलांनी तिथे सुतारकाम, बांबूकाम शिकावे, माती-पाणी-झाडे ओळखावीत, असे म्हटले की आमची सुशिक्षित मंडळी माना डोलावतात. म्हणतात, ‘वा! खेड्यातल्या मुलांना हेच शिक्षण हवे!’ माझे भांडण त्या ‘खेड्यातल्या’ शब्दाशी आहे. कारण स्वतःच्या चिरंजीवांना हे गृहस्थ शिकवणीच्या वर्गाला धाडतात. रंधा दुसऱ्याच्या मुलाच्या हाती आणि पदवी आपल्या, असा हा हिशेब!

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला, तो सर्वांच्या मुलांसाठी. पुढे १९५३ साली मद्रासेत राजाजींनी शाळेचे तास कमी केले आणि उरल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. कुंभाराच्या पोराने चाकच फिरवायचे! लोक खवळले आणि १९५४ साली ती योजना गुंडाळावी लागली. लोक खवळले ते योग्यच झाले. परंतु दोष चाकाचा नव्हता. ते जातीने वाटून देण्याचा होता.

हातकाम म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण, हे मला मुळीच मान्य नाही. बांबू पावसाळा सरल्यावर का तोडतात, हे विचारून पाहा. कोवळ्या वाढीच्या दिवसांत तोडलेल्या बांबूत पिष्ट अधिक असते आणि त्याला भुंगेरे लवकर लागतात. एका टोपलीत ऋतू आला, वनस्पतिशास्त्र आले, कीटकही आले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो याच श्रद्धेने. गावाच्या उपयोगाची कामे करता करता मुलांनी विज्ञान शिकावे, हे त्यांचे सूत्र. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय नेहमीच्या माध्यमिक शाळांतही पोहोचला. त्यात शेती, यंत्रकाम, ऊर्जा आणि घर-आरोग्य अशी चारही अंगे आहेत.

तेव्हा वाचकहो, गावच्या कार्यशाळेला देणगी खुशाल द्या. पण आधी दोन प्रश्न विचारा. सरपंचांचा आणि गुरुजींचा मुलगा तिथे करवत धरतो का? मुलगी पत्रा कापते आणि मुलगा भाकरी थापतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती कार्यशाळा नव्हे. नव्या पत्र्याखाली थाटलेली जुनीच बलुतेदारी आहे. तिला माझ्याकडून एक पैसाही मिळणार नाही.