बालकांचे दांत आणि घरची राहणी

लहान मुलाचा दांत किडला कीं घरांतलीं वडील माणसें सहज म्हणतात, "दुधाचेच दांत ते, आज ना उद्यां पडायचेच, त्यांची एवढी काळजी कशाला?" राजूर व आसपासच्या खेड्यांत हें वाक्य आमच्या कानीं वारंवार पडतें. तें मोठें शहाणपणाचें वाटतें; परंतु आमच्या मतें पुष्कळ बालकांच्या दुःखाचें मूळ तेंच आहे.

दुधाचे दांत वीस. ते साधारणतः सहाव्या महिन्यापासून येऊं लागतात आणि त्यांतील मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडांत असतात. दाढ ठणकूं लागली म्हणजे मूल भाकरी चावीत नाहीं, रात्रीं झोंपत नाहीं व वर्गांत त्याचें चित्त लागत नाहीं. शिवाय हे दांत मागून येणाऱ्या दांतांची जागा राखून ठेवितात. ते अकालीं गेले तर पुढचे वांकडेतिकडे येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांच्या मागें जी दाढ उगवते, ती तर कायमची असते. कोणताही दांत न पडतां ती येते, म्हणून आईबाप तिलाही दुधाची समजतात आणि जन्मभराचें धन हातचें जातें.

आपण 'कीड' म्हणतों खरें, पण दांतांत अळी नसते. जत्रेंत दांतांतली कीड काढून दाखविणारे लोक निव्वळ हातचलाखी करितात. खरा प्रकार असा कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करितात व तें आम्ल दांतावरील कठीण कवच विरघळवितें. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. मात्र तिला उसंत मिळाली पाहिजे. तोंडांत घटकेघटकेला गोळी, बिस्कीट किंवा गोड चहा पडत राहिला तर तिचें कांहीं चालत नाहीं. म्हणून गोड किती खाल्लें याइतकेंच तें किती वेळां खाल्लें यालाही महत्त्व आहे. राजुरेश्वराच्या प्रसादाचा मोदक किंवा सणाची पुरणपोळी ही दांतांची वैरीण नव्हे. वैरी आहे तो रोजचा, दिवसभर पुरणारा पुडा.

हा पुडा मुलाच्या हातीं देतो कोण? घरच देतें. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ सालच्या पाहणींत पांच वर्षांच्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांचे दांत किडलेले आढळले. हीं सारीं मुलें कांहीं जन्मतः दुबळे दांत घेऊन आलीं नव्हतीं. ऑस्ट्रेलियांत बाउरल गांवीं होपवुड हाउस नांवाचें एक बालगृह होतें. १९४० नंतरच्या वर्षांत तेथील मुलांना साखर व मैदा जवळजवळ न देतां भाजीपाला, फळें, दूध व कोंड्यासहित धान्य यांवर वाढविलें. दांत घासण्याची शिस्त तेथें फारशी नव्हती, तरी बाहेरच्या शाळांतील मुलांपेक्षां त्यांचे दांत पुष्कळच निरोगी राहिले. पुढें तीं मोठीं होऊन बालगृहाबाहेर पडलीं व इतरांसारखें खाऊं लागलीं, तेव्हां त्यांचे दांतही इतरांसारखेच किडूं लागले. मुलें तींच होतीं. बदललें तें घर.

पहांटे शेतावर जाणाऱ्या माउलीनें रडतें मूल पुड्यानें शांत केलें, तर तिला दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. परंतु त्याच पैशांत पेरू, बोरें, काकडी मिळते. जाणत्या मुलास फुटाणे-शेंगदाणे देतां येतात. तान्ह्याच्या तोंडांत दुधाची बाटली ठेवून त्यास निजवूं नये. झोंपेंत लाळ कमी सुटते व दूध दांतांवर सांचून राहतें. आजी मिसरी लावते तें पाहून नातवंडही बोट पुढें करितें. ती जळकी तंबाखूच आहे हें विसरूं नये. रात्रीं निजण्यापूर्वीं फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासावे. तीन वर्षांच्या आंतील बालकास ती तांदळाच्या दाण्याएवढी व पुढें वाटाण्याएवढी पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानें स्वतः घासून द्यावें व मग पाण्याशिवाय कांहीं देऊं नये.

दांतावर पांढुरका डाग दिसला कीं तेव्हांच वैद्यकीय सल्ला घ्यावा. छत्रपती संभाजीनगरास शासकीय दंत महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. पण भोकरदन तालुक्यांतून तेथें जावयाचें म्हणजे मजुराचा दिवस बुडतो. ज्याच्या घरीं पैसा थोडा, त्यानें तर कीड लागूं न देण्याचीच चिंता अधिक वाहिली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, धाकट्या भावंडाला दुकानांतून गोळी आणून देणारे हात बहुधा तुमचेच असतात. त्याच हातांनीं आज रात्रीं त्याचे दांत घासून द्या. आणि पालकांस आमची विनंती एवढीच कीं, दुधाचे दांत पडायचेच असले तरी ते त्यांच्या वेळेस पडूं द्यावे. दुखून, किडून पाडूं नयेत.