घरं दोन, दिंडी दरवाजा एकच : दोन डिस्कवर ड्युअल बूट करताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. "अरे, स्क्रीनवर सारखं काहीतरी येतंय. नवा कॉम्प्युटर घ्यावा लागणार का?"

मामांचं सिमेंट-रंगाचं दुकान आहे. मशीन इंटेलच्या सातव्या पिढीचं आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. त्यावर टॅली मजेत चालतं. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे मशीन धडधाकट, तरी दारातच अडवलेलं.

पहिला उपाय म्हणजे मुदतवाढ. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. पण हे दुखणं पुढे ढकलणं झालं. टॅलीसाठी विंडोज हवंच, आणि बँक, मेल, ब्राउझर यासाठी अपडेट मिळत राहणारी सिस्टिमही हवी. म्हणून दुसरी एसएसडी घेऊन तिच्यावर लिनक्स टाकायचं ठरवलं.

दुसरी डिस्क कशाला?

एकाच डिस्कचे भाग पाडूनही ड्युअल बूट होतं. पण त्यात चालू विंडोजचं पार्टिशन आक्रसावं लागतं, आणि दोन्ही सिस्टिमच्या बूट फाइल्स एकाच ईएफआय पार्टिशनमध्ये राहतात. एकीची डिस्क गेली की दोन्ही गेल्या. डिस्क वेगळी असेल तर विंडोजला हातच लावावा लागत नाही.

पण नुसती डिस्क वेगळी असून भागत नाही. हे मी इंजिनिअरिंगला असताना शिकलो. दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून दुसरीवर लिनक्स टाकलं. सगळं छान चाललं. सहा महिन्यांनी पहिली डिस्क काढून मित्राला दिली, तर लिनक्स उठेचना. इन्स्टॉलरने सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर टाकली होती, पण बूट फाइल पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवली होती. सबमिशन दोन दिवसांवर होतं.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे: इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवायची. डेस्कटॉप बंद करा, प्लग काढा, विंडोजच्या डिस्कची केबल सोडवा. मग एकट्या नव्या एसएसडीवर पेनड्राइव्हने लिनक्स टाका. इन्स्टॉलरला दुसरी डिस्क दिसतच नाही, त्यामुळे तो ईएफआय पार्टिशन इथेच बनवतो. नंतर केबल परत जोडा. सुरू करताना बूट मेन्यूची की दाबून हवी ती डिस्क निवडा. ही की मदरबोर्डप्रमाणे बदलते, बहुतेक वेळा एफ८, एफ११ किंवा एफ१२ असते.

आधी करायच्या तीन गोष्टी

टॅलीचा डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे.

बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटच्या सेटिंग्ज बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहायला गेलात तर फाइल्स बिघडायची भीती असते.

शिवाय एक गंमत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स जागतिक. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की काम झालं.

तरीही दरवाजा एकच

आता मुख्य मुद्दा. दोन डिस्क घेतल्या म्हणजे दोन्ही सिस्टिम पूर्ण स्वतंत्र झाल्या, असं बरेच जण समजतात. तसं नाही.

सिक्युअर बूट म्हणजे मदरबोर्डवरचा पहारेकरी. सही असलेली फाइलच तो आत सोडतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने या पहाऱ्याचे नियम कडक केले. ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरमध्ये २०२२ साली सापडलेली एक त्रुटी बंद करणं हा हेतू, आणि तो रास्तच होता. ड्युअल बूट असलेल्या मशीनना हे लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं. पण काही मशीनवर ड्युअल बूट आहे हे अपडेटला ओळखताच आलं नाही, आणि लिनक्स सुरू होताना सिक्युरिटी पॉलिसीचा भंग झाल्याचा मेसेज येऊन बंद पडू लागलं. पूर्ण तोडगा आला तो मे २०२५ च्या अपडेटमध्ये.

हा नवा नियम डिस्कवर नव्हे, मदरबोर्डच्या मेमरीत लिहिला गेला होता. त्यामुळे डिस्क एक की दोन, याने फरक पडत नव्हता. वाड्यात बिऱ्हाडं वेगळी असली तरी दिंडी दरवाजाचं कुलूप एकाने बदललं की दुसरा बाहेर राहतो, तसंच हे.

म्हणून लिनक्सही नियमित अपडेट करत राहा, म्हणजे त्याच्या सह्या जुन्या पडत नाहीत. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह कायम ड्रॉवरमध्ये ठेवा. आणि अडचण आलीच तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून आत जाता येतं, हे लक्षात असू द्या. मात्र दुरुस्ती झाली की ते परत चालू करा.

मामांचं मशीन आता दोन्ही सिस्टिमवर चालतंय. ऑक्टोबर २०२६ नंतर विंडोजची डिस्क फक्त टॅलीसाठी, इंटरनेट न जोडता वापरायची, असं आमचं ठरलंय. नवा कॉम्प्युटर लागेल तेव्हा लागेल, पण तो तारखेच्या धाकाने घ्यायचा नाही.

आणि शेवटचा सल्ला: दुकानाच्या मशीनवर हे करणार असाल तर २१ तारखेला करा. जीएसटीचं मासिक रिटर्न २० ला भरायचं असतं. १९ तारखेच्या रात्री केबल सोडवायला बसू नका.