यंत्राच्या तोंडचे स्वगत

जॉर्ज ल्यूकस यांचा 'स्टार वॉर्स' हा १९७७ सालचा चित्रपट इयन डोशर या अमेरिकन लेखकाने २०१३ साली शेक्सपिअरच्या धाटणीच्या पाच अंकी पद्यनाटकात उतरविला. आमच्या काही विद्वान स्नेह्यांना ही अभिजात रंगभूमीची विटंबना वाटते. पुस्तक न उघडताच वाटते, हे विशेष!

मूळ चित्रपटात आर-टू-डी-टू हे यंत्र नुसत्या शिट्ट्या घालते. तिचा अर्थ दुसऱ्याने सांगावा लागतो. नाटकातही चारचौघांत ते तसेच चिवचिवते. परंतु प्रेक्षकांकडे वळताच शुद्ध पद्यात बोलू लागते आणि आपले भोळेपण हे सोंग असल्याचे सांगते. हा तर शेक्सपिअरचा शहाणा विदूषकच! कॅमेऱ्याला न सापडलेले त्याचे मन स्वगताने उघडले. अंतराळातील युद्ध रंगमंचावर मावत नाही, म्हणून 'पाचव्या हेन्री'तल्यासारखा निवेदक ते शब्दांनी उभे करतो. ल्यूक शत्रुसैनिकाचे शिरस्त्राण हाती घेऊन हॅम्लेटच्या कवटीची नक्कल करतो, ती मात्र निव्वळ गंमत. तिची वकिली आम्ही करीत नाही.

शेक्सपिअरने तरी कथानके कोठून आणली? प्लूटार्क आणि हॉलिन्शेड यांच्याकडूनच ना? किर्लोस्करांनी १८८० साली कालिदासाची शकुंतला साकी-दिंडीत गायिली. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. त्याचे आपल्याकडे कौतुक झाले. मग अंतराळयानाला वृत्त लाभताच विटंबना कशी होते, हे आक्षेपकांनी सांगावे. मात्र आधी पुस्तक वाचावे.